पाणी ऐकणारं रडार

वीर धरणाचे दरवाजे उघडले की अकलूजमध्ये पहिला प्रश्न असतो, ‘नीरेला पाणी किती चढलं?’ प्रश्न अकलूजपुरता नसतो. हेच पाणी पुढे नीरा नरसिंहपूरला भीमेत शिरतं. त्याच वेळी उजनीचा विसर्गही चालू असला, तर पंढरपुरातलं वाळवंट पाण्याखाली जातं. अकलूजपलीकडे सराटीला, जिथे तुकोबांच्या पादुकांना नीरास्नान घालतात, तिथे केंद्रीय जल आयोगाचं नदीमापन केंद्र आहे.

नदीची उंची मोजायची जुनी रीत म्हणजे रंगवलेली पट्टी. ती माणसाने वाचायची. रात्री-अपरात्री, भर पावसात, बॅटरीच्या उजेडात. कृष्णा-भीमा खोऱ्यांत स्वयंचलित केंद्रं आली तशी रडारचीही सोय झाली. पुलाच्या कठड्याबाहेर लोखंडी दांड्याला टांगलेलं, खाली तोंड केलेलं हे यंत्र पाण्याला न शिवता अंतर काढतं. रेडिओलहरींचा ठोका खाली जातो आणि पाण्यावर आपटून परततो. पाणी 10 मीटर खाली असेल, तर ही ये-जा सुमारे 67 नॅनोसेकंदांत उरकते. वेळेत एका नॅनोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात 15 सेंटिमीटरची.

गोम अशी, की प्रतिध्वनी एकटा येत नाही. खांबाचा कंगोरा, काठचं गवत, वाहत आलेली जलपर्णी, सगळेच आपापला सूर लावतात. वर यंत्राची स्वतःची खरखर असतेच. ही दोन वेगळी दुखणी आहेत, हे अनेकदा विसरलं जातं. खरखर आज वर, उद्या खाली अशी बेभरवशाची असते. 100 ठोक्यांची सरासरी घेतली की ती दहाव्या हिश्शावर येते. एकमेकांवर चढलेले प्रतिध्वनी मात्र सरासरीने सुटत नाहीत. त्यासाठी ठोकाच आखूड हवा, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा रुंद हवा. 500 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात साधारण 30 सेंटिमीटरपेक्षा जवळच्या दोन वस्तू एकजीव दिसतात. अमेरिकेने 2002 मध्ये अल्ट्रा-वाइडबँडला, म्हणजे अतिरुंद पट्ट्याच्या यंत्रांना, 3.1 ते 10.6 गिगाहर्ट्झ खुले केले. तो सगळा पट्टा वापरला, तर 2 सेंटिमीटरवरच्याही वेगळ्या होतात.

पट्टा वाढवता येत नसेल तर गणिताला शरण जायचं. यान हॉग्बॉम यांनी 1974 मध्ये रेडिओ दुर्बिणींसाठी ‘क्लीन’ ही रीत मांडली. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटीची, म्हणजे 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची, आकाशचित्रं तिनेच स्वच्छ होतात आणि अल्ट्रा-वाइडबँडवाल्यांनीही ती उचलली. सर्वांत उंच प्रतिध्वनी धरायचा, ठोक्याचा ठाऊक असलेला आकार त्यातून वजा करायचा, उरलेल्यात पुढचा शोधायचा. वाचायला सोपं. पण खरखर आधी दाबली नाही, तर वजाबाकी थोडी हुकते आणि तिचा चुराच नवा प्रतिध्वनी म्हणून पुढे येतो. सगळं कसब कुठे थांबायचं यात आहे: उरलेलं खरखरीच्या उंचीला आलं की हात आखडता घ्यायचा.

खोडदला आणखी एक छळ आहे, वीजवाहिन्यांवरच्या ठिणग्यांचा. एकच जबर ठिणगी सरासरीला वर ओढते. म्हणून तिथे मध्यक काढतात. त्यापासून फार दूर गेलेला नमुना तत्काळ बाद होतो.

नको असलेल्या प्रतिध्वनींवर पुलावरचा उपाय साधा असतो. नदी आटलेली असताना खांबाचे, कंगोऱ्याचे प्रतिध्वनी नोंदवून ठेवायचे आणि रोजच्या मोजणीतून वजा करायचे. वर्षातले बहुतेक दिवस हे बिनघोर चालतं. जलपर्णी मात्र नोंदीत नसते, आणि पाणी कंगोऱ्याच्या वर चढलं की ती जुनी नोंदच खोटी ठरते. नेमकं पुरात.