वरचे दूध, गरीब कुटुंब आणि कायदा
दुधाच्या डब्यांची देणगी रुग्णालय का स्वीकारीत नाही?

रुग्णालयाच्या प्रसूती व नवजात शिशू विभागास साहाय्य करू इच्छिणारे हितचिंतक अनेकदा एक सूचना करतात. शिरूर व दौंड तालुक्यांतील गरीब मातांना तान्ह्या बाळासाठी दुधाच्या पावडरीचे डबे मोफत किंवा अल्प दरात मिळावेत आणि असे डबे देणगीदाखल देण्याची आपली तयारी आहे, असे ते सांगतात. या सूचनेमागील कळकळ निर्विवाद आहे. तथापि असे डबे देणगी म्हणून स्वीकारण्यास १९९२ च्या एका केंद्रीय कायद्याने मनाई आहे. ही मनाई का आहे, ज्या बाळाला वरच्या दुधावाचून गत्यंतर नाही त्याच्यासाठी कोणती वाट मोकळी आहे आणि दात्यांचे साहाय्य नेमके कोठे उपयोगी पडते, याचा खुलासा करण्यासाठी हा लेख आहे.

डब्याचा खरा हिशेब

पहिल्या काही महिन्यांत बाळाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे १५० मिलिलिटर दूध लागते. पाच किलो वजनाच्या बाळास म्हणजे ७५० मिलिलिटर. १०० मिलिलिटर दूध तयार करण्यास साधारणतः १३ ते १४ ग्रॅम पावडर लागते. या हिशेबाने दिवसाला सुमारे १०० ग्रॅम पावडर संपते. ४०० ग्रॅमचा डबा चार दिवस पुरतो आणि महिन्याला सात ते आठ डबे लागतात. डब्याची किंमत ४०० रुपये धरली तरी हा खर्च महिन्याला तीन हजारांच्या घरात जातो. पाणी उकळण्याचे इंधन आणि भांडी यांचा खर्च निराळाच. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी मातेस एकूण ५,००० रुपये मिळतात. ही सर्व रक्कम डब्यांवर खर्च केली, तरी ती दोन महिनेही पुरणार नाही.

अशा वेळी घरातील माणसे डबा 'पुरवून' वापरू लागतात. चार चमचे पावडरीच्या जागी दोन चमचे घातली जाते. दूध पांढरे दिसते, बाळाचे पोटही भरल्यासारखे वाटते. मात्र त्याला निम्मेच पोषण मिळालेले असते. त्यातच पाणी नीट उकळलेले नसेल आणि बाटलीचे बूच स्वच्छ नसेल, तर अतिसार ठरलेलाच. कुपोषण आणि अतिसार एकत्र आले की काही दिवसांतच बाळाच्या जिवावर बेतते.

आपला परिसर दूधदुभत्याचा असल्याने पावडरीऐवजी पाणी घातलेले गायीचे दूध देण्याची प्रथाही घरोघरी आढळते. गायीच्या दुधात प्रथिने व क्षार बाळाच्या मूत्रपिंडांना झेपतील त्याहून अधिक असतात आणि लोह अत्यल्प असते. पाणी घातल्याने हे दोष दूर होत नाहीत, पोषण मात्र घटते. पहिल्या सहा महिन्यांत हा पर्याय डॉक्टरांना विचारल्याविना कदापि अवलंबू नये.

एका मोफत डब्याने काय घडते?

आईच्या अंगावरचे दूध बाळाच्या ओढण्यावर अवलंबून असते. बाळ जितके ओढते तितके दूध तयार होते. वरचे दूध सुरू झाले की बाळाची भूक तेथेच भागते, ओढणे कमी होते आणि आईचे दूध आटू लागते. आठवडाभराचे मोफत डबे संपेपर्यंत पुष्कळदा आईचे दूधही उणावलेले असते. त्यापुढील डबे मात्र विकतच घ्यावे लागतात. दानाने सुरू झालेली गोष्ट अशा रीतीने कुटुंबाच्या माथी कायमचा खर्च म्हणून बसते.

हे सूत्र दूध पावडर बनविणाऱ्या कंपन्यांनी फार पूर्वी ओळखले होते. गरीब देशांतील प्रसूतिगृहांत मोफत नमुने वाटण्याच्या त्यांच्या प्रथेवर १९७० च्या दशकात जगभर टीकेची झोड उठली. २१ मे १९८१ रोजी जागतिक आरोग्य परिषदेने या विक्रीसंबंधी आंतरराष्ट्रीय संहिता संमत केली. भारताने १९८३ मध्ये आपली राष्ट्रीय संहिता तयार केली आणि १९९२ मध्ये अर्भक दुग्धपर्याय, दूध पाजण्याच्या बाटल्या व अर्भक अन्न यांचे नियमन करणारा कायदा केला. तो १ ऑगस्ट १९९३ पासून अमलात आला. २००३ च्या दुरुस्तीने त्याची कक्षा दोन वर्षांपर्यंतच्या बालकांच्या आहारापर्यंत नेण्यात आली.

या कायद्यानुसार दुग्धपर्यायांची जाहिरात करता येत नाही, मोफत नमुने वा भेटवस्तू देता येत नाहीत आणि डब्यावर बाळाचे चित्र छापता येत नाही. आरोग्यसेवकांना कंपन्यांकडून कोणताही लाभ घेता येत नाही. कलम ५ अन्वये अनाथालय वगळता अन्य कोणालाही दुग्धपर्याय वा बाटल्या दान करण्यास मनाई आहे. हे कलम कंपन्यांप्रमाणेच व्यक्तींनाही लागू आहे. उल्लंघन झाल्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची वा दंडाची, किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे.

सरकारने स्वतः मोफत पावडर वाटली तर काय होते, याचा धडा आफ्रिकेतील बोट्सवाना देशाने दिला. एचआयव्ही बाधित मातांच्या बाळांना तेथे शासन मोफत पावडर देत असे. २००६ च्या प्रारंभी अतिवृष्टीनंतर अतिसाराची मोठी साथ आली. तीत रुग्णालयात दाखल झालेल्या अर्भकांपैकी बहुसंख्य अंगावर न पिणारी होती आणि अनेक बालके दगावली. दक्षिण आफ्रिकेनेही २०११ मध्ये सरकारी रुग्णालयांतून पावडर मोफत वाटण्याचे धोरण सोडून दिले.

ज्या बाळाला खरोखर गरज आहे त्याचे काय?

काही बाळांना आईचे दूध मिळणे अशक्य असते. कोणाची आई प्रसूतीत दगावलेली असते, कोणाच्या आईवर कर्करोगाची औषधे चालू असतात, तर कोणास जन्मतःच दुधातील शर्करा न पचण्याचा दुर्मीळ विकार असतो. हा कायदा अशा बाळांना विसरलेला नाही. स्तनपान देऊ न शकणाऱ्या आणि पावडर विकत घेण्याची ऐपत नसलेल्या मातेस दुग्धपर्याय देण्याची मुभा कलम ८ ने माता-बालकांच्या आरोग्यसेवेतील संस्थेस दिली आहे. गरजेचा निर्णय डॉक्टरांनी करावा, पाजण्याची रीत आरोग्यसेवकानेच दाखवावी आणि चुकीच्या वापराचे धोकेही समजावून सांगावेत, असा या व्यवस्थेचा आशय आहे. येथे बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडले अधिक सुरक्षित होय.

पुष्कळ माता मात्र गैरसमजातून स्तनपान थांबवितात. क्षयरोगावर उपचार घेणारी माता तोंडावर मुखपट्टी बांधून, डॉक्टरांच्या सल्ल्याने बाळाला पाजू शकते. एचआयव्ही बाधित मातेने औषधे नियमित घेत पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान द्यावे, असेच आज सांगितले जाते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी दुग्धपेढी हा मोठा आधार आहे. आशियातील पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. पुण्याच्या ससून रुग्णालयातही अशी पेढी आहे. येथे माता स्वेच्छेने व विनामूल्य दूध देतात. ते तपासून, निर्जंतुक करून बाळांना दिले जाते. मातेच्या दुधाची विक्री करता येत नाही, हे अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे.

बाळाचे अन्न आईच्या ताटातून

सहा महिन्यांच्या आतील बाळासाठी आपल्या शासकीय धोरणाचा गाभा एकच आहे : अन्न आईला द्यावे, ते बाळाला पोचते. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ अन्वये गर्भारपणात व प्रसूतीनंतर सहा महिने मातेस अंगणवाडीमार्फत मोफत आहार मिळण्याचा हक्क आहे. त्याच कायद्यात किमान ६,००० रुपयांच्या मातृत्व लाभाचीही तरतूद आहे. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० वा अधिक कामगारांच्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक झाले.

परंतु धोरण व वस्तुस्थिती यांतील अंतर आपल्या दोन तालुक्यांत ठळक दिसते. रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींभोवती भाड्याच्या खोल्यांतून राहणाऱ्या कंत्राटी कामगारांच्या पत्नी, वीटभट्टीवरील स्त्रिया, हंगामात कारखान्यांसाठी येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांतील माता यांच्यापर्यंत प्रसूती रजा पोचतच नाही. पहाटे फडावर निघालेली माता बाळाला कोपीत थोरल्या बहिणीच्या हवाली करते. तिला दूध नसते असे नाही. पाजण्यास वेळ नसतो. 'दूध पुरत नाही' या तक्रारीमागे अनेकदा हेच कारण असते. अंगणवाडीतील तिचे नाव मूळ गावी राहते. ते तात्पुरत्या वस्तीजवळच्या अंगणवाडीत नोंदविता येते, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील सहा महिन्यांच्या आतील ६३.७ टक्के बालके निव्वळ स्तनपानावर होती. जन्मानंतर तासाभरात मात्र केवळ ४१.८ टक्के बालकांना अंगावर घेण्यात आले. त्या पहिल्या तासात चीकदूध पाजले गेले, मध वा गुटी चाटविली गेली नाही, तर पुढचा डबा पुष्कळदा टळतो.

दात्यांस व नातेवाइकांस विनंती

दात्यांनी डब्यांऐवजी निर्धन रुग्णांसाठीच्या निधीस साहाय्य करावे. ज्या मोजक्या बाळांना गरज आहे, त्यांच्यासाठी संस्था पावडर स्वतः विकत घेऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देऊ शकते. स्तनपान समुपदेशिकेचे मानधन, बाळंतिणीच्या आहाराचा खर्च, दूध काढून ठेवण्यासाठी झाकणाची स्टीलची भांडी, नवजात शिशू विभागात आईला बाळाजवळ राहता यावे म्हणून एक जादा खाट, या गोष्टींना कायद्याची आडकाठी नाही आणि त्यांचे फळ दीर्घकाळ टिकते. ज्यांचे कारखाने, वीटभट्ट्या वा शेते आहेत, त्यांनी अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईस दिवसातून दोन-तीन वेळा पाजण्याची सवड व सावलीची जागा द्यावी. हे दानही मोलाचे आहे.

नातेवाइकांनी बाळंतिणीस लवकर कामास जुंपू नये. तिला पोटभर जेवू घालावे आणि दूध कमी पडते असे वाटल्यास औषधाच्या दुकानात जाण्यापूर्वी आशा ताईंना अथवा रुग्णालयास विचारावे. कामावर जाणाऱ्या आईने स्वच्छ हातांनी काढून, झाकून ठेवलेले दूध सावलीत सुमारे चार तास चांगले राहते. कडक उन्हाळ्यात ते त्याहून लवकर पाजावे.

बाळाच्या दुधाची स्वस्ताई डब्याच्या किमतीने ठरत नाही. आईला अन्न, विश्रांती आणि बाळाजवळ थांबण्याची सवड मिळाली, तर गरिबातील गरीब घरालाही ते परवडते. या कार्यात आपला हात लाभावा, ही नम्र विनंती.