दृष्टिबाह्यक

दृष्टिबाह्यक : डोळ्यांकडून येणाऱ्या संदेशांचे ग्रहण व विश्लेषण करणारा, मोठ्या मेंदूच्या पश्चखंडातील बाह्यकाचा (करड्या रंगाच्या बाहेरील थराचा) भाग. डोळा प्रकाश टिपतो. परंतु ‘दिसणे’ ही क्रिया मेंदूत पूर्ण होते. त्यामुळे डोळे निरोगी असूनही या भागास इजा झाल्यास अंधत्व येऊ शकते.

संदेशांचा मार्ग : जालपटलातून निघालेल्या दोन्ही दृक्-तंत्रिका मेंदूच्या तळाशी एकत्र येतात. तेथे प्रत्येक जालपटलाच्या नाकाकडील अर्ध्या भागातील तंतू विरुद्ध बाजूस जातात. परिणामी समोरील दृश्याच्या डाव्या अर्ध्या भागाची नोंद उजव्या गोलार्धात व उजव्या भागाची डाव्या गोलार्धात होते. पुढे थॅलॅमसमधील एका केंद्रातून हे संदेश प्राथमिक दृष्टिबाह्यकात पोहोचतात. सुमारे २ मिमी. जाडीच्या या भागात कोशिकांचे सहा थर असून बहुतेक तंतू चौथ्या थरात येतात. तेथील नुसत्या डोळ्यांना दिसणारा पांढरा पट्टा फ्रांचेस्को जेन्नारी यांना १७७६ मध्ये आढळला.

दृश्याचा नकाशा : रशिया-जपान युद्धात (१९०४–०५) डोक्यात गोळी लागून दृष्टी अंशतः गमावलेल्या सैनिकांची तपासणी जपानी नेत्रवैद्य तात्सुजी इनौये यांनी केली. गोळीचा मार्ग व दृष्टीचा नष्ट झालेला भाग यांची तुलना करून त्यांनी १९०९ मध्ये दाखविले की, दृश्यातील शेजारचे बिंदू बाह्यकातही शेजारीच नोंदले जातात. मात्र हा नकाशा समप्रमाण नसतो. नजर ज्यावर स्थिर होते त्या लहानशा मध्यभागास बाह्यकाचा फार मोठा भाग मिळतो. कडेच्या विस्तृत क्षेत्रास थोडाच मिळतो.

स्तंभरचना : डी. एच. ह्यूबेल व टी. एन. व्हीझेल यांना १९५८ मध्ये मांजराच्या बाह्यकातील एक कोशिका पडद्यावरील ठिपक्यांना दाद देईना. परंतु काचपट्टी यंत्रात सरकविताना तिच्या कडेची पुसट सावली पडताच ती उद्दीपित झाली. यावरून या कोशिका विशिष्ट दिशेत कललेल्या रेषांना प्रतिसाद देतात, हे उघड झाले. एकाच कलाला प्रतिसाद देणाऱ्या कोशिका पृष्ठभागापासून आत उभ्या स्तंभात असतात व लगतच्या स्तंभांत हा कल क्रमाक्रमाने बदलतो. यांना छेदून उजव्या व डाव्या डोळ्यांचे वर्चस्व असलेले पट्टे आलटून पालटून येतात. या संशोधनाबद्दल दोघांना १९८१ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला.

उच्चतर क्षेत्रे : प्राथमिक बाह्यकाकडून संदेश अनेक क्षेत्रांत जातात. खालील प्रवाह शंखखंडाकडे जाऊन वस्तू, रंग व चेहरे ओळखण्यास, तर वरील प्रवाह पार्श्विक खंडाकडे जाऊन स्थान जाणण्यास व हालचालीस दिशा देण्यास उपयोगी पडतो. म्हणून मर्यादित इजेने एखाद्याला सर्व काही दिसते, पण ओळखीचा चेहरा ओळखता येत नाही. दुसऱ्याला पेल्यात ओतला जाणारा चहा थिजल्यासारखा दिसतो, कारण त्याची गतीची जाणीवच नष्ट झालेली असते.

अनुभवाचे महत्त्व : या रचनेचा आराखडा जन्मतः असला, तरी तो टिकण्यास व पक्का होण्यास वापर आवश्यक असतो. मांजराच्या पिलाचा एक डोळा आरंभीचे काही महिने शिवून ठेवल्यास तो उघडल्यानंतरही बाह्यकातील फारच थोड्या कोशिका त्याला प्रतिसाद देतात. प्रौढ मांजरात असे होत नाही. बालकांतील तिरळेपणा किंवा एका डोळ्यातील जन्मजात मोतीबिंदू यांकडे दुर्लक्ष झाल्यास याच कारणाने तो डोळा मंद होतो व नंतर दिलेला चष्मा पुरेसा ठरत नाही. दाट जन्मजात मोतीबिंदूवर म्हणूनच पहिल्या काही आठवड्यांत शस्त्रक्रिया करणे इष्ट असते. तथापि उशीर झाला म्हणजे सर्व संपले, असे नाही. भारतातील ‘प्रकाश’ प्रकल्पात ८ ते १७ वर्षे वयात दृष्टी लाभलेल्या मुलांना हाताने चाचपलेली वस्तू केवळ पाहून लगेच ओळखता आली नाही. काही दिवसांतच मात्र त्यांनी त्यात लक्षणीय प्रगती केली, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. पाहणे मेंदूला शिकावे लागते व ते लवकर शिकणे सर्वांत हितावह असते.