टाच वळते कशी?

अंगात टी-शर्ट किंवा बनियन असेल तर त्याचं कापड जरा डोळ्यांजवळ आणा. मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघितलंत तर आणखी छान. बाहेरच्या बाजूला ‘व्ही’ अक्षराच्या उभ्या रांगा दिसतील आणि आतल्या बाजूला इवल्या इवल्या आडव्या कमानी. आता घरातला एखादा हातविणीचा स्वेटर काढा. तेच चित्र, फक्त मोठं! टी-शर्टचं कापडही लोकरीच्या स्वेटरसारखं टाक्याटाक्यांनीच बनतं. मोजे विणणारं पहिलं यंत्र इंग्लंडच्या विल्यम लीने १५८९ मध्ये केलं. तेव्हापासून यंत्रं कितीतरी बदलली, पण टाका तोच राहिला. दर शनिवारी माझ्याकडे विणकाम शिकायला येणारी मंडळी पहिल्या दिवशी घालतात तो टाका.

पैठणी घ्या नाहीतर घोंगडी, मागावरच्या कापडात उभे धागे वेगळे आणि आडवे वेगळे, असे शेकडो धागे एकमेकांच्या वरून-खालून जातात. सुयांवरच्या विणकामात किती धागे असतात? एक. गुंडा संपला की नवा जोडायचा, एवढंच. दहा सेंटिमीटरमध्ये २० टाके आणि २८ ओळी बसतात असं धरलं, तर शंभर सेंटिमीटर घेराच्या आणि साठ सेंटिमीटर उंचीच्या स्वेटरच्या नुसत्या अंगात ३३,६०० टाके होतात. बाह्या अजून बाकीच आहेत! इतक्या टाक्यांत गाठ मात्र एकही नाही. प्रत्येक टाका म्हणजे खालच्या टाक्यातून ओढून काढलेला फास, आणि त्याला धरून ठेवणारा कोण, तर त्याच्या वरचा फास.

वरचा फास निघाला तर? हे दाखवायला मी वर्गात मुद्दाम सुईवरचा एक टाका सोडून देते आणि कापड दोन्ही बाजूंना ताणते. टाका खाली धावत सुटतो आणि मागे आडव्या धाग्यांची शिडी उरते. “काकू, अहो, सगळं उसवेल!” कुणीतरी हमखास ओरडतं. पण नीट बघितलं तर उसवतो तो फक्त एकच उभा स्तंभ. शेजारचे टाके जागचे हलतही नाहीत, कारण त्यांना धरणारे फास त्यांच्या डोक्यावर शाबूत आहेत. मग क्रोशाची सुई तळाच्या फासात घालायची, शिडीची एकेक पायरी त्यातून ओढत वर यायचं. अर्ध्या मिनिटात टाका पुन्हा सुईवर, आणि तो कुठे सुटला होता ते मलाही सांगता येत नाही.

शिकायचे टाके मुळात दोनच, सुलट आणि उलट. सुलट टाक्यात नवा फास मागून पुढे येतो, उलट टाक्यात पुढून मागे जातो. विणकाम उलटवून बघा. मघाचा सुलट आता उलट दिसतोय! म्हणजे टाका एकच, आपण त्याच्या कोणत्या बाजूला बसलो आहोत एवढाच फरक. केबल असो, जाळी असो, बाळाचं टोपडं असो, सगळी दौलत या एका फासाची.

खरी जादू सुरू होते ती हे टाके कोणत्या क्रमाने घालायचे ते ठरवल्यावर. पुढून सगळे सुलट दिसतील असं विणलं तर कापडाचे काठ गुंडाळतात. (टी-शर्ट कापला की कड वळते ना, तिचं कारणही हेच.) वाकवलेल्या धाग्याला सरळ व्हायचं असतं, आणि इथे सगळे फास एकाच बाजूला वाकलेले असल्यामुळे त्यांचा जोरही एकाच दिशेला लागतो. एक ओळ सुलट, एक ओळ उलट दिसू द्या, जोर एकमेकांना काटतात आणि कापड सपाट पडून राहतं. एक टाका सुलट, शेजारचा उलट अशा उभ्या रांगा केल्या तर सुलट रांगा पुढे येतात, उलट मागे दडतात, आणि कापड हार्मोनियमच्या भात्यासारखं मिटतं. ओढलं की उघडतं, सोडलं की पुन्हा मिटतं. म्हणून स्वेटरचं मनगट नि कंबर अशी विणतात. धागा कुठे ताणला गेला? जवळजवळ नाहीच. ताणली गेली ती मांडणी. एकाच धाग्याचे असे वेगवेगळे नमुने विणून, ते ओढून मोजण्याचं काम अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठात एलिझाबेटा मात्सुमोतो यांच्या गटाने केलं आहे. नुसत्या टाक्यांच्या क्रमाने कापड किती ताठ, किती लवचीक होईल हे ठरवता येतं, असा त्यांचा २०२४ मधला निबंध आहे.

माझ्या सुयांवर सध्या बाळाचा स्वेटर आहे, अर्धी शाल आहे, पण जीव अडकलाय तो मोज्यात. ६४ टाके चार सुयांवर वाटलेले आणि पाचव्या सुईने गोल गोल विणत जायचं. ही गोल वीणही जुनीच. मास्टर बर्ट्राम या जर्मन चित्रकाराच्या १४०० च्या सुमाराच्या चित्रात येशूची आई मेरी अशाच चार सुयांवर सदरा विणत बसली आहे. नळी विणणं सोपं. पण पाय घोट्याशी काटकोनात वळतो. कापड कसं वळणार?

शिंपी असता तर त्याने कापून शिवलं असतं. विणणारी काय करते? अर्ध्यात थांबते! ६४ पैकी ३२ टाके टाचेचे. त्यावर सरळ पट्टी विणून झाली की पहिला टाका नुसता सरकवायचा, १७ विणायचे, पुढचे दोन एकत्र, आणखी एक, आणि बस. सुईवर ११ टाके शिल्लक असतानाच विणकाम उलटवायचं. नवख्या माणसाचा हात इथे अडतोच. परत येताना एक सरकवून पाच उलट, दोन एकत्र, एक उलट, पुन्हा उलटवायचं. या बाजूलाही ११ शिल्लक. मग दर ओळीत एकेक टाका जास्त दूर जायचं. शेवटी १८ टाके उरतात, आणि हातात बघावं तर चक्क वाटी! मधल्या भागात ओळी जास्त झाल्या, कडांना कमी. जास्तीचं कापड जाणार कुठे? ते फुगून बाहेर येतं, आणि टाच त्यात नेमकी बसते.

याच्या उलट केलं तर? कडेला टाके वाढवत गेलं तर कड मावेनाशी होते आणि झालरीसारखी लाटा घेते. कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या डायना तायमिना यांनी १९९७ मध्ये नेमकं हेच क्रोशाने केलं, आणि भूमितीतलं अतिवलयी प्रतल, म्हणजे असाच जिथे तिथे लाटा घेणारा पृष्ठभाग, विद्यार्थ्यांच्या हातात दिलं. तोवर त्याच्या कागदी प्रतिकृती असत, त्या हाताळता हाताळता फाटत.

टॉलस्टॉयच्या ‘युद्ध आणि शांती’मध्ये एक अ‍ॅना मकारोव्ना आहे. ती एकाच वेळी, त्याच सुयांवर दोन मोजे विणते आणि मुलांसमोर एकातून दुसरा ओढून काढते. कादंबरीतली थाप वाटली ना? पण ते खरोखर जमतं. एक टाका बाहेरच्या मोज्याचा, पुढचा आतल्याचा, असे आळीपाळीने सुईवर घ्यायचे. बाहेरचा एका धाग्याने सुलट, आतला दुसऱ्या धाग्याने उलट. दोन्ही कापडं पाठीला पाठ लावून वाढत जातात, टाचही दोघांची एकदमच वळते. अट एकच, दोन धाग्यांचा एकदाही एकमेकांशी पीळ बसता कामा नये. एका जागी जरी बसला तरी मोजे तिथे कायमचे जोडले गेले. हा मोजा झाला की पुढची जोडी मी अशीच घालणार आहे, आतला लाल आणि बाहेरचा पांढरा, म्हणजे चुकीचा धागा आला तर लगेच दिसेल.