बोटाला दोन, पाठीला एकच!

विद्यार्थी मित्रांनो, केसांना लावायचा एक आकडा घ्या आणि त्याची दोन टोके एकमेकांपासून 1 सेंटिमीटर अंतरावर येतील असा फाकवा. टोके बोथट आहेत ना, हे बोट फिरवून पाहा. आता मित्राला डोळे मिटायला सांगा. दोन्ही टोके एकाच वेळी, अगदी हलकेच, त्याच्या तर्जनीच्या टोकावर टेकवा आणि विचारा, ‘‘किती टोके लागली?’’ तो लगेच सांगेल, ‘‘दोन.’’ मग तीच टोके त्याच्या पाठीवर टेकवा. बहुधा तो म्हणेल, ‘‘एकच!’’

असे का व्हावे? जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबर यांनी 1834 साली अशाच प्रयोगांची मोजमापे प्रसिद्ध केली होती. बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलिमीटर अंतरही ओळखता येते. पाठीवर मात्र टोकांमध्ये सुमारे 4 सेंटिमीटर अंतर लागते. याचे कारण त्वचेच्या रचनेत आहे.

आपली त्वचा मुख्यतः दोन थरांची असते. वरचा थर म्हणजे बाह्यत्वचा. तळहात व तळपाय सोडले, तर शरीराच्या बहुतेक भागावर ती कागदाइतकीच जाड असते. तिच्या तळाशी पेशींचे सतत विभाजन होते. नव्या पेशी जुन्यांना वर ढकलतात. वर जाता जाता पेशींत केरॅटिन नावाचे चिवट प्रथिन साठते, त्या मरतात आणि शेवटी गळून पडतात. हा प्रवास साधारण महिना-दीड महिन्यात पुरा होतो. बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या नसतात. म्हणूनच हलके खरचटले, तर रक्त येत नाही. तिच्या तळाशीच मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात. मेलॅनिन सूर्यप्रकाशातील अतिनील किरण शोषून घेते.

बाह्यत्वचेखाली असते अंतस्त्वचा. रक्तवाहिन्या, केसांची मुळे, तैलग्रंथी आणि घर्मग्रंथी यांची येथे दाटी असते. शरीरावर 20 ते 40 लाख घर्मग्रंथी असतात. माठातून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडून जाताना माठातील पाण्याची उष्णता घेऊन जाते, तसाच घाम आपल्या शरीराची उष्णता घेऊन जातो.

मज्जातंतूंची टोकेही येथेच पसरलेली असतात. काही स्पर्श ओळखतात, काही दाब, काही उष्णता वा थंडी, तर काही वेदना. बोटाच्या टोकाशी स्पर्श ओळखणारी टोके दाटीने असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला त्वचेचा लहानसा तुकडा येतो. पाठीवर ती विरळ असतात. शिवाय मेंदूचा कितीतरी मोठा भाग बोटांचे निरोप घेण्यात गुंतलेला असतो. आता कोडे सुटले ना?

मिरच्या चिरल्यावर हाताची आग होते, हा अनुभव तुमच्या घरात कोणाला ना कोणाला असेलच. मिरची काही तापलेली नसते! मज्जातंतूंच्या टोकांवर सुमारे 43 अंश सेल्सिअसच्या वर उघडणारी सूक्ष्म द्वारे असतात. मिरचीतील कॅप्सेसिन तीच द्वारे उघडते आणि मेंदूला ‘भाजले’ असा निरोप जातो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने हे द्वार 1997 मध्ये शोधले. 2021 चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना आणि स्पर्शाच्या द्वारांचा शोध लावणारे आर्डेम पॅटापूटियन यांना मिळाले.

वेदना कोणालाच नको असते. पण ती नसेल तर काय होईल? कुष्ठरोगात नेमके हेच घडते. नॉर्वेचे डॉ. हॅन्सेन यांनी 1873 मध्ये शोधलेला हा जिवाणू त्वचेवर आणि तिच्याजवळच्या मज्जातंतूंवर हल्ला करतो. मग गरम पातेले धरलेला हात भाजतो, चपलेतला खडा तळपाय कापतो, आणि रोग्याला ते कळतच नाही. जखमा चिघळतात आणि बोटे झिजतात. बोटे रोगामुळे आपोआप झडतात, असा पूर्वी समज होता. वेल्लोरचे शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की खरे कारण बहुतांशी या न जाणवलेल्या जखमा हेच आहे.

हा रोग पूर्ण बरा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने 1981 मध्ये शिफारस केलेली बहुविध औषधोपचार पद्धती सहा ते बारा महिने घ्यावी लागते, आणि आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत ती मोफत मिळते. मात्र मज्जातंतू निकामी होण्याआधी उपचार सुरू झाले पाहिजेत.

शिक्षकांनी वरील प्रयोग वर्गात करून घ्यावा. तळहात, दंड, पोटरी, पाठ अशा जागांचे किमान अंतर मोजून मुलांना तक्ता करू द्यावा. आणि मित्रांनो, अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तेथे कापसाचा स्पर्श कळत नसेल, तर तो लपवू नका. प्रत्येक चट्टा कुष्ठरोगाचा नसतो. पण बधिर चट्टा डॉक्टरांना दाखवायलाच हवा, आणि तोही लवकर.