दंडावरचं बीपी, डोक्यातलं बीपी

सकाळी ६.३० : नौपाड्यातला फिरता भूलतज्ज्ञ एका जागी थांबत नाही. गोखले रोड, घंटाळी, हरिनिवास. ज्या नर्सिंग होमचा फोन, तिकडे. गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून पायीच.

७.१५ : साठीच्या काकू. खांद्याचा स्नायुबंध फाटलाय, दुर्बिणीने शिवायचाय. बीपी जुनं. "डॉक्टर, जाग येईल ना नीट?" "येईल हो. आधी सांगा, काल रात्री कुठली गोळी घेतलीत?"

८.०० : नळी घातली, सेवोफ्लुरेन हा भुलीचा गॅस सुरू. मग टेबलाची पाठ उचलून काकूंना आरामखुर्चीत बसवल्यासारखं बसवलं. सर्जनला खांदा सोयीचा. माझी काळजी डोक्याची. बीपीचा पट्टा दंडावर, मेंदू वीसेक सेंटीमीटर वर. दर सेंटीमीटरला पाऊण मिलिमीटर दाब कमी. दंडावर सरासरी ६५ दिसले, तर मेंदूला ५०च.

८.४० : सर्जन म्हणाले, "रक्ताने काही दिसत नाहीये. गॅस वाढवून बीपी जरा खाली घ्या ना!"

नाही घेतलं. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, पण ऑक्सिजन खातो २० टक्के. ईईजीची, म्हणजे मेंदूतल्या विजेची, रेघ सपाट होईपर्यंत गॅस दिला, तर ही मागणी जवळपास निम्म्यावर येते. पुढे कितीही गॅस सोडा, उरलेली निम्मी हटत नाही. पेशी नुसत्या जिवंत राहायलाच तेवढा लागतो. मग मागणी घटली की कमी रक्तात भागतं का? मानेतली रक्तवाहिनी साफ करण्याच्या शस्त्रक्रियांवर मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९८७ साली लिहिलं. एरवी १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला ५० मिलिलिटर रक्त मिळतं. हॅलोथेन गॅस चालू असताना ते २०च्या आसपास आलं की ईईजी बिघडे, आयसोफ्लुरेनवर १०पर्यंत तग धरी. सवलत खरीच. पण पक्षाघाताच्या प्रमाणात मात्र फरक दिसला नाही. त्यात काकूंचा मेंदू वर्षानुवर्षं वरच्या दाबाला सरावलेला.

"सलाइनमध्ये अ‍ॅड्रिनलिन घाला, पंपाचा दाब थोडा वाढवा," मी म्हटलं. कुरकुरत का होईना, घातलं, दिसायला लागलं. कार्बन डायऑक्साइडही ३५च्या खाली जाऊ दिला नाही, कारण तो उतरला की मेंदूच्या वाहिन्या आकसतात.

१०.१० : काकूंनी डोळे उघडले, नाव सांगितलं, दोन्ही पाय हलवले.

दुपार : एक सिझेरियन, एक हर्निया. दोन्ही कमरेतल्या भुलीवर. लिहिण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी ७.०० : उद्याच्या पेशंटची तपासणी. बीपी किती असतं विचारलं, तर उत्तर : "नॉर्मलच असतं."

एवढ्याने भागत नाही. भूलतज्ज्ञ तपासायला येईल तेव्हा घरी मोजलेले बीपीचे आकडे आणि गोळ्यांची चिठ्ठी त्याच्या हातात द्या. तुमचं एरवीचं बीपी कळल्याशिवाय ऑपरेशनमध्ये ते किती खाली चालेल, हे त्याला ठरवता येत नाही.