पार्ट बदलला, नंबर तोच

मी नाना पेठेत स्पेअर पार्टच्या काउंटरवर बसतो. जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचच्या प्रकरणात मला सगळ्यात चीड आली ती एका नंबराची.

अमेरिकेतल्या शेवरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन वगैरे गाड्यांचा हा स्विच. चावी ‘ऑन’ला धरून ठेवायला त्याच्या आत स्प्रिंग आणि छोटासा प्लंजर असतो. तोच कमजोर निघाला. जुडगा जड असला, गाडी खड्ड्यात आदळली किंवा गुडघा लागला की चावी मागे सरकायची. चालत्या गाडीचं इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद. आणि करंट तुटल्यामुळे धडकेत एअरबॅगही उघडायची नाही.

२००६ साली कंपनीतल्या इंजिनिअरने सुधारलेल्या, जरा लांब प्लंजरला मंजुरी दिली, पण पार्ट नंबर जुनाच ठेवला. आमचा अख्खा धंदा त्या नंबरावर चालतो! माल सुधारून आला की निदान शेवटचं अक्षर तरी बदलतं, मग जुने खोके बाजूला काढता येतात. इथे एकाच नंबराखाली दोन वेगळे स्विच. नंतरच्या गाड्यांत ही तक्रार का येत नाही, हे कंपनीच्याच तपासनीसांना कित्येक वर्षं उमगेना. शेवटी जॉर्जियातल्या एका अपघाती मृत्यूच्या खटल्यात वादीच्या तज्ज्ञाने जुना आणि नवा स्विच खोलून शेजारी ठेवले, तेव्हा बिंग फुटलं.

रिकॉल निघाला २०१४ मध्ये. गाड्या सुमारे २६ लाख. भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले, आणि २०१५ मध्ये कंपनीने ९० कोटी डॉलर भरून फौजदारी प्रकरण मिटवलं.

आपल्याकडे रिकॉलची बातमी आली की गिऱ्हाईक त्या गाडीलाच नाक मुरडतं. मला विचाराल तर स्वतःहून गाड्या परत बोलावणारी कंपनी गप्प बसणारीपेक्षा शंभर पट बरी. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि सक्तीने रिकॉल करायला लावण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. एप्रिल २०२१ पासूनच्या नियमांत सात वर्षांच्या आतल्या गाड्या येतात, दंड एक कोटी रुपयांपर्यंत.

सेकंडहँड गाडीवाल्यांची मात्र पंचाईत होते, कारण कंपनीचं पत्र बहुतेक वेळा पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जातं. आरसी बुकातला चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाका, नाहीतर सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा. रिकॉलमध्ये पार्ट आणि मजुरी, दोन्ही फुकट असतात. कोणी बिल फाडलं तर तिथेच भांडा.