उन्हाळ्यात लघवी कमी आणि गडद का होते? जाणून घ्या पाणी वाचवणाऱ्या हार्मोनचे काम

अमरावती : मे महिन्यात अमरावती-अकोला पट्ट्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूरला दर्शनासाठी आलेले भाविक असोत की परिसरातील संत्रा बागांत राबणारे मजूर, दुपारपर्यंत अनेकांना एकच अनुभव येतो. लघवी जेमतेम एकदा होते, तीही गडद पिवळी. घाम हे त्याचे अर्धे कारण. उरलेले अर्धे म्हणजे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक, अर्थात हार्मोन.

व्हॅसोप्रेसिन म्हणजे काय?

हे संप्रेरक मेंदूतील हायपोथॅलॅमसमध्ये तयार होते आणि पिट्युटरी ग्रंथीत साठवले जाते. डॉक्टर त्याला ‘एडीएच’ असेही म्हणतात.

ते काम कसे करते?

घाम गेला की रक्तातील क्षारांचे प्रमाण वाढते. हा बदल एक-दोन टक्क्यांचा असला तरी मेंदू तो टिपतो. तहान लागते आणि व्हॅसोप्रेसिन रक्तात सोडले जाते.

मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील बहुतेक पाणी रक्तात परत जाते आणि साधारण दीड लिटर लघवी बनते. व्हॅसोप्रेसिन वाढले की मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांमध्ये पाण्याची जादा दारे उघडतात. आणखी पाणी परत शोषले जाते. लघवी कमी आणि गडद होते. अशा जलमार्गांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

रक्तदाबाशी संबंध काय?

शरीरातील पाणी फार घटले की रक्तदाब उतरतो. अशा वेळी व्हॅसोप्रेसिन रक्तवाहिन्या आकुंचित करून तो सावरते. म्हणूनच गंभीर रुग्णांचा रक्तदाब टिकवण्यासाठी अतिदक्षता विभागात हेच औषध म्हणून वापरतात.

मग धोका कुठे?

व्हॅसोप्रेसिन शरीरातले पाणी वाचवते, नवे तयार करत नाही. शेतात आडोसा नाही म्हणून अनेक बाया दिवसभर पाणीच टाळतात. ही सवय मूतखडा आणि लघवीच्या जंतुसंसर्गाला आमंत्रण देते. पाणी फारच कमी पडले तर मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

काय काळजी घ्याल?

- तहानेची वाट न पाहता थोडे-थोडे पाणी प्या. वयस्कांना तहान कमी जाणवते, त्यांना आठवणीने पाणी द्या.
- खूप घाम गेल्यास नुसते पाणी पुरत नाही. ताक, मीठ-साखरेचे लिंबू सरबत किंवा ओआरएस घ्या.
- उन्हात दारू टाळा. ती व्हॅसोप्रेसिन दाबते आणि लघवीवाटे पाणी जाते.
- बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते. गोळी मनाने बंद करू नका. हृदय, मूत्रपिंड आणि बीपीच्या रुग्णांनी पाणी-मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे आहे. सात-आठ तास लघवीच झाली नाही, चक्कर आली किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर त्याला सावलीत न्या, अंग ओले करा आणि १०८ वर फोन करा.